शांततेवर पीएचडी करून पुढे काय?

पत्र थोडक्यात असं:

‘मी 26 वर्षांची आहे. राज्यशास्त्रात एमए केल्यावर दोन वर्षं एका मदत संस्थेतर्फे निर्वासितांच्या छावणीत काम केलं. कुटुंबांची नोंदणी, शिधावाटपाच्या याद्या, संध्याकाळी मुलांचे वर्ग. आता संशोधनाकडे वळायचंय. पीएचडीसाठी दोन विद्यापीठांचा होकार आलाय. एकीकडे शांतता आणि संघर्ष अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, दुसरीकडे राज्यशास्त्राचा जुना विभाग. विषय मी “शांतता प्रक्रियेत तरुणांची भूमिका” असा दिलाय आणि फील्डवर्क त्याच छावणीत करायचं मनात आहे. घरचे विचारतात, शांततेवर कोण नोकरी देतं? एमएचे माझे सर म्हणतात, हा विषय म्हणजे सदिच्छांना दिलेली पदवी. माझी अडचण वेगळीच आहे. छावणीत जे पाहिलं त्यानंतर मी तटस्थ उरलेले नाही आणि व्हायची इच्छाही नाही. मग मी अभ्यासक कशी होणार? महिन्याभरात दोन्हीकडे कळवायचंय.’

तुमच्या सरांचं वाक्य तुम्हाला चांगलंच झोंबलेलं दिसतंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. त्यात थोडं तथ्य आहे. या विषयातले काही प्रबंध अडीचशे पानं चालून शेवटी ‘सर्व घटकांनी संवाद वाढवावा’ इथे येऊन थांबतात, आणि ते सांगायला पीएचडीची गरज नसते. पण विषयाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्याकडे पाहिलं तर सरांचं म्हणणं टिकत नाही.

लुईस फ्राय रिचर्डसन हे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ. आकडेमोड करून हवामानाचा अंदाज बांधता येईल हे त्यांनी 1922 मध्ये पुस्तक लिहून मांडलं, म्हणजे संगणक यायच्या कितीतरी आधी. ते क्वेकर पंथाचे होते, शस्त्र न उचलणारे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. 1920 मध्ये हवामान खातं हवाई मंत्रालयाच्या अखत्यारीत गेलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे अनेक वर्षं ते माणसांच्या जीवघेण्या भांडणांचे आकडे जमवत राहिले. मृतांच्या संख्येचा लॉगरिदम घेऊन (म्हणजे आकडा दहापट झाला की एक पायरी वर, अशा मापाने) त्यांनी एका खुनापासून महायुद्धापर्यंत सगळं एकाच मोजपट्टीवर बसवलं. सामाईक सीमांचा आणि युद्धांचा काही संबंध आहे का हे तपासताना त्यांना दिसलं की स्पेन-पोर्तुगाल सीमेची लांबी कुठे 987 किलोमीटर दिलेली आहे, तर कुठे 1,214. मोजायची पट्टी जितकी लहान, तितकी सीमा लांब! गणितज्ञ बेनवा मांडेलब्रो यांनी फ्रॅक्टल भूमितीकडे (कितीही जवळून पाहिलं तरी खडबडीतच राहणाऱ्या आकारांच्या गणिताकडे) जाताना नेमकी हीच नोंद उचलली. सदिच्छांमधून फ्रॅक्टल निघत असतील तर अशा सदिच्छा आणखी लोकांना व्हाव्यात, असं सरांना माझ्या वतीने कळवा.

योहान गाल्टुंग गणित आणि समाजशास्त्र शिकलेले. त्यांनी 1959 मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था सुरू केली आणि 1964 मध्ये विषयाचं नियतकालिक. केनेथ बोल्डिंग अर्थशास्त्रज्ञ. मिशिगन विद्यापीठात संघर्ष निराकरणाचं जर्नल 1957 मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. यांच्यापैकी कोणाकडेही या विषयाची पदवी नव्हती, कारण ती द्यायला तेव्हा कोणी नव्हतंच. प्रत्येकजण दुसऱ्या कुठल्यातरी शास्त्राची हत्यारं घेऊन इकडे आला. तुमच्या दोन विद्यापीठांच्या पेचाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

स्वतंत्र विभाग आज नवखे राहिलेले नाहीत. स्वीडनमध्ये उप्साला इथला विभाग 1971 चा आणि ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डचा 1973 चा. तिथल्या पीएचडीला कोणी हसत नाही. तरीही अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या क्रॉक संस्थेने आपली पीएचडी कशी रचलीय ते पाहण्यासारखं आहे. तिथे शांतता अभ्यास एकटा घेता येत नाही. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र अशा एखाद्या जुन्या शास्त्राबरोबर जोडूनच तो करावा लागतो. विद्यार्थ्याला पुढे नोकरीच्या बाजारात उतरायचंय हे त्यांनी ओळखलेलं आहे. विद्यापीठांच्या जाहिराती बहुतेक राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध, समाजशास्त्र, कायदा किंवा भूगोल या नावांनी निघतात. निवड समितीवर बसलेल्या पाच जणांपैकी चौघे त्या जुन्या शास्त्रातले असतात आणि त्यांना तुम्ही त्यांच्या भाषेत बोलताना हव्या असता.

म्हणून माझा कौल असा: बाकी सगळं सारखं असेल तर राज्यशास्त्राचा विभाग घ्या आणि सह-मार्गदर्शक शांतता अभ्यासातला शोधा. पण ‘बाकी सगळं’ क्वचितच सारखं असतं. स्वतंत्र विभागात तुम्हाला संख्याशास्त्र, मुलाखतीचं तंत्र, दप्तरखान्यातलं काम यांपैकी निदान दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या जात असतील आणि राज्यशास्त्राच्या विभागात नुसतं ‘वाचा आणि लिहा’ असेल, तर उलट निर्णय घ्या. विभागाच्या नावापेक्षा पहिल्या दोन वर्षांचं वेळापत्रक मागवून वाचा.

पद्धतीवर मी एवढा जोर देतेय त्याचं एक साधं कारण सांगते. उप्सालाचा संघर्षविषयक डेटा सशस्त्र संघर्ष कशाला म्हणतो? राज्यसत्ता किंवा भूभाग यावरून वाद हवा, किमान एक बाजू सरकारची हवी आणि एका वर्षात लढाईत निदान 25 मृत्यू झालेले हवेत. 1960 च्या दशकात मिशिगनमध्ये डेव्हिड सिंगर यांनी उभ्या केलेल्या युद्धविषयक डेटाचा उंबरठा 1,000 मृत्यूंचा. आता एका प्रदेशात वर्षाला 20 माणसं लढाईत मरतात आणि आणखी शेकडो उपासमारीने किंवा दवाखाना बंद पडल्यामुळे जातात असं समजा. दोन्ही पट्ट्यांवर तिथे युद्ध नाही. तुमच्या छावणीतली किती कुटुंबं अशा ‘युद्ध नसलेल्या’ ठिकाणांहून आली असतील? हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण ते सिद्ध करायचं तर ती पट्टी कशी बनली, कुठे मोडते आणि तिच्याजागी काय ठेवता येईल हे कळायला हवं. तळमळीचं रूपांतर युक्तिवादात होतं ते इथे.

आता तटस्थतेचं. तुमच्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे, आणि तो या विषयाइतकाच जुना आहे. गाल्टुंग यांनी त्याला वैद्यकाचं उदाहरण दिलं होतं: डॉक्टर रोग आणि आरोग्य यांच्यामध्ये तटस्थ नसतो, तो उघडपणे आरोग्याच्या बाजूने असतो, तरी त्याच्या तपासण्या काटेकोर असाव्या लागतात. मला हे उदाहरण अजूनही पटतं, फक्त त्याचा दुसरा भाग लोक विसरतात. रोगाची चीड असलेला डॉक्टर रिपोर्ट बदलत नाही.

तुमच्यासारखीच तळमळ असलेल्या दोन माणसांनी एकमेकांची कशी झाडाझडती घेतली तेही वाचा. गाल्टुंग यांनी 1969 मध्ये संरचनात्मक हिंसेची कल्पना मांडली. कोणी गोळी न घालताही, व्यवस्थेच्या रचनेमुळे माणसं टाळता येण्याजोग्या कारणांनी मरत असतील तर तीही हिंसा, आणि ती संपल्याशिवाय खरी शांतता नाही. बोल्डिंग हे त्यांचे मित्र, रिचर्डसन यांच्यासारखेच क्वेकर आणि युद्धविरोधी. त्यांनी 1977 मध्ये या मांडणीवर मैत्रीपूर्ण पण खरमरीत हल्ला चढवला. गरिबी वाईट आहे, पण गरिबी निर्माण होण्याची प्रक्रिया आणि माणूस ठार मारण्याची प्रक्रिया वेगळ्या आहेत. दोघींना एकच नाव दिलं तर दोन्ही समजणं अवघड होतं, असा त्यांचा मुद्दा. तुम्ही कोणाच्या बाजूला जाल ते मला ठाऊक नाही (मी स्वतः महिन्यागणिक बाजू बदलते), पण वाद करणारे दोघेही तटस्थ नव्हते आणि दोघेही अभ्यासक होते एवढं लक्षात घ्या.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एरिका चेनोवेथ यांचा अनुभव या बाबतीत आणखी बोलका आहे. सशस्त्र मार्ग अधिक परिणामकारक असतो अशा समजुतीने त्या अहिंसक आंदोलनांच्या प्रश्नाकडे आल्या होत्या. मारिया स्टीफन यांच्याबरोबर त्यांनी 1900 ते 2006 या काळातल्या 323 मोहिमा तपासल्या, तेव्हा अहिंसक मोहिमा 53 टक्के वेळा यशस्वी झालेल्या दिसल्या आणि सशस्त्र 26 टक्के. स्वतःच्या अंदाजाविरुद्ध आलेला निकाल त्यांनी छापला. पुढे 2010 नंतर अहिंसक आंदोलनांचं यश घसरत चाललंय हेही त्यांनीच दाखवून दिलं. तुम्हाला स्वतःला विचारायचा प्रश्न हा असा आहे: छावणीतल्या ज्या लोकांवर माझा जीव आहे त्यांच्याविषयी मला न आवडणारं काही सापडलं, समजा शिध्याच्या यादीत त्यांनीच फेरफार केलेले सापडले, तर मी ते लिहीन का? उत्तर ‘लिहीन, पण त्यांना इजा होणार नाही असं लिहीन’ असं येत असेल तर तुमच्या तटस्थ नसण्याची मला काळजी नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर मदतकार्यातच राहा. ते काम तसूभरही कमी नाही, आणि त्यात निष्ठा हा दोष ठरत नाही.

छावणीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मी सर्वांत जास्त थबकले तिच्याकडे येते. फील्डवर्क त्याच छावणीत करू नका. निदान पहिलं तरी नको.

तिथले लोक तुम्हाला कशासाठी ओळखतात? नाव यादीत घालणारी म्हणून. उद्या तुम्ही रेकॉर्डर आणि संमतीपत्र घेऊन त्याच माणसासमोर बसलात आणि ‘तुमची इच्छा असेल तरच बोला’ म्हणालात, तर त्याने ‘नाही’ कसं म्हणायचं? आता माझ्या हातात यादी नाही, हे तुम्ही कितीही सांगितलंत तरी त्याला त्याची खात्री का पटावी? विद्यापीठाची एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती, फॉर्मवरची सही पाहून समाधानी होईल. तुम्ही होऊ नका. दुसरं असं की त्याने तुम्हाला दोन वर्षांपूर्वी जे सांगितलं ते मदतनिसाला सांगितलं होतं. ते प्रबंधात वापरायचा तुम्हाला हक्क नाही, आणि डोक्यातून पुसताही येणार नाही.

गुप्ततेचं वचन किती हलकं असतं हे बोस्टन कॉलेजच्या प्रकरणात साऱ्या जगाने पाहिलं. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात प्रत्यक्ष लढलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मुलाखती 2001 ते 2006 या काळात तिथल्या एका प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रित झाल्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे बाहेर येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. 2011 मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकेत समन्स निघाली, न्यायालयांनी काही मुलाखती सोपवायला लावल्या, अटका झाल्या, खटला उभा राहिला. 2019 मध्ये न्यायालयाने त्या टेप पुरावा म्हणून विश्वासार्ह नाहीत असं ठरवलं. म्हणजे लोकांना दिलेलं वचन मोडलं ते मोडलंच आणि न्यायालाही त्याचा उपयोग झाला नाही. संशोधक वाईट होते असं नाही. कायद्याने जे पाळणं आपल्या हातात नाही त्याचं वचन दिलं गेलं, एवढंच. कुठलीही मुलाखत घेण्याआधी विद्यापीठाच्या वकिलाला एकच प्रश्न लेखी विचारा: हे रेकॉर्डिंग कोण मागू शकतं? उत्तर गुळमुळीत आलं तर रेकॉर्ड करू नका, वहीत लिहा. नावं वहीतसुद्धा लिहू नका.

आणि हो, ‘स्थानिक सहायक’ या नावाखाली जी माणसं भाषांतर करतात, ओळखी करून देतात, धोका पत्करतात, त्यांचं काय ते पहिल्या दिवशी ठरवा. पूर्व काँगोतल्या बुकावूच्या संशोधकांनी यावर एक लेखमालाच लिहिली. परदेशी अभ्यासक येतात, आम्ही माहिती गोळा करतो, ते पेपर छापतात आणि आमचं नाव आभाराच्या ओळीतही नसतं, हा त्यांचा सूर. पैसे किती, विमा कोणाचा, पेपरवर नाव कुठे, तुम्ही विमानात बसल्यानंतर पोलीस त्यांच्या दारात आले तर काय, हे सगळं आधी बोलायचं असतं.

मग छावणीतली दोन वर्षं वाया गेली का? मुळीच नाही. तुम्हाला नोंदणी आतून माहीत आहे. कोणाला कुटुंब म्हणायचं, कोणाला ‘खरा निर्वासित’ ठरवायचं, कोणत्या रकान्यात काय भरायचं, हे निर्णय टेबलाच्या पलीकडून पाहिलेले अभ्यासक थोडे आहेत. सेव्हरीन ऑटेसेर यांचं काम असंच उभं राहिलं. मदत संस्थांमध्ये काम केल्यावर त्या संशोधनाकडे आल्या आणि आधी काँगोचा अभ्यास करता करता पुढे शांतता आणायला आलेल्या परदेशी लोकांचाच अभ्यास केला. हे लोक कुठे राहतात, कोणाबरोबर जेवतात, संध्याकाळी कोणाशी गप्पा मारतात, स्थानिक भाषा येणाऱ्यापेक्षा विषयातल्या तज्ज्ञाला वरची जागा का मिळते, आणि या रोजच्या सवयींमुळे गावपातळीवरचे जमिनीचे, सत्तेचे तंटे त्यांच्या नजरेतून कसे निसटतात. तुमच्याकडे असलं काही आहे. दुर्बळांकडे कॅमेरा वळवण्याऐवजी यंत्रणेकडे वळवा. यंत्रणेला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, त्यामुळे तिची संमती खरी असते.

विषयाबद्दल फार लिहीत नाही. ‘शांतता प्रक्रियेत तरुणांची भूमिका’ हा विषय नाही, परिसंवादाचा फलक आहे. प्रबंधाला प्रश्न लागतो, आणि चांगला प्रश्न बहुतेकदा दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींच्या फरकात दडलेला असतो. शस्त्रसंधीनंतर एका खोऱ्यातली कुटुंबं परत गेली आणि शेजारच्या खोऱ्यातली गेली नाहीत, असं का? एकाच करारात ठरलेली शस्त्रं जमा करण्याची कलमं अमलात आली आणि जमिनीची रखडली, असं का? कोलंबियाच्या 2016 च्या शांतता कराराची अंमलबजावणी कलमागणिक मोजण्याचं काम मघाशी सांगितलेल्या क्रॉक संस्थेकडे करारातूनच आलं. तिचे अहवाल वाचत बसलात तर असे दहा प्रश्न सापडतील. आपला प्रश्न दोन ओळींत मावतो का, आणि त्याचं उत्तर ‘आपल्याला वाटलं त्याच्या उलट’ येऊ शकतं का, एवढं तपासा. उलट उत्तर येणं शक्यच नसेल तर तो प्रश्न नाही.

आता घरच्यांचा प्रश्न, म्हणजे नोकरी. त्यांना खोटा दिलासा देऊ नका. पीएचडीची चार ते सहा वर्षं, त्यानंतर एक-दोन-तीन वर्षांच्या करारांवरचं पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, कदाचित दोनदा, कदाचित दोन वेगळ्या देशांत. कायम जागा मिळेपर्यंत पस्तिशी उलटणं यात काही जगावेगळं नाही. संस्था कायमच्या असतात हाही भ्रम सोडा. मिशिगनचं संघर्ष निराकरण केंद्र 1959 मध्ये मोठ्या उत्साहात उघडलं आणि 1971 मध्ये बंद झालं. अमेरिकी काँग्रेसने 1984 मध्ये कायदा करून उभारलेल्या शांतता संस्थेतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना 2025 मध्ये काढून टाकण्यात आलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. शांततेचा पैसा बहुतेक सरकारांकडून येतो आणि सरकारांचं मन बदलतं. शिवाय निधीला फॅशन असते: एखादं युद्ध बातम्यांत असतं तोवर त्यावर प्रकल्प निघतात, बातमी शिळी झाली की तिथली भाषा शिकलेला तरुण अभ्यासक पेचात सापडतो.

पैसा कोणाचा हा प्रश्न केवळ पगाराचाही नसतो. 1965 मध्ये गाल्टुंग चिलीत शिकवत होते. अमेरिकी लष्कराच्या पैशाने चालणाऱ्या, बंडं कशी होतात आणि ती कशी रोखायची यावरच्या कॅमेलॉट नावाच्या प्रकल्पाचं त्यांना निमंत्रण आलं. प्रकल्प लाखो डॉलर्सचा होता आणि नामवंत समाजशास्त्रज्ञ त्यात होते. त्यांनी नकार दिला आणि चिलीतल्या सहकाऱ्यांना तो प्रकार कळवला. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी जुलैत प्रकल्प रद्द झाला. असं पत्र तुम्हालाही कधीतरी येईल, बहुधा फार सौम्य शब्दांत, ‘स्थैर्य’ किंवा ‘लवचिकता’ अशा नावाखाली. तेव्हा निधी देणाऱ्याला माहिती कोणत्या स्वरूपात हवी आहे ते पाहा. गावांची नावं, नेत्यांची नावं, नकाशे मागत असतील तर ते संशोधन नाही.

ही झाली वाईट बाजू. बरी बाजू अशी की या शिक्षणाला विद्यापीठाबाहेर मागणी आहे, फक्त तिथल्या पदांवर ‘शांतता’ हे नाव क्वचित असतं. मध्यस्थांच्या मागे बसून मसुदे आणि पूर्वीच्या करारांची उदाहरणं पुरवणारे लोक लागतात. संयुक्त राष्ट्रांनी तर 2008 पासून अशा तज्ज्ञांचं राखीव पथकच ठेवलंय. संघर्षांचा डेटा गोळा करणारे प्रकल्प, सत्यशोधन आयोग, मदत संस्थांचे विश्लेषण विभाग, इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुपसारख्या अहवाल लिहिणाऱ्या संस्था, परराष्ट्र खाती. या सगळ्यांना तीन गोष्टी हव्या असतात: एका प्रदेशाची खोल ओळख, तिथली भाषा, आणि चार पानांत मुद्द्याचं लिहिण्याची सवय. तुम्हाला छावणीत ती भाषा थोडी तरी आली असेल. सोडू नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी तुम्ही वाचलेल्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा ती जास्त दिवस पोट भरेल.

वयाची घाई मात्र करू नका. केनेथ यांच्या पत्नी एलिझ बोल्डिंग यांनी पाच मुलं वाढवून, आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संघटनेच्या उभारणीत हात घालून मग 1969 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर समाजशास्त्रात पीएचडी घेतली आणि त्यानंतर प्राध्यापकी केली. छावणीत आणखी दोन वर्षं काढून मग आलात तरी हा विषय कुठे जात नाही. लढाया तरी संपत नाहीत, दुर्दैवाने.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी लिहिते. अत्याचाराच्या साक्षी दिवसभर ऐकणाऱ्याची, नंतर त्या उतरवून काढणाऱ्याची झोप जाते. हे कमकुवतपणाचं लक्षण नाही आणि त्याचं कौतुकही करायचं नसतं. उतरवण्याचं काम दिवसाचे ठरावीक तासच करा, रात्री नाही. समुपदेशनाचा खर्च फील्डवर्कच्या बजेटमध्ये पहिल्यापासून धरा. त्याला वेगळी ओळ असली की कोणी विचारत नाही, नसली की मागायची लाज वाटते.

महिना हातात आहे तर तो असा वापरा. दोन्ही विभागांच्या मार्गदर्शकांना विचारा की त्यांच्याकडे गेल्या दहा वर्षांत पीएचडी केलेली माणसं आज काय करतात. नावं सांगायला ते कचरले तर तेच उत्तर समजा. सांगितली तर त्यांतल्या दोघांना, आणि शक्य झाल्यास अर्धवट सोडून गेलेल्या एखाद्याला, स्वतंत्रपणे फोन करा. तुमचा मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत परत करतो, फील्डवर अडचण आली तेव्हा त्याने फोन उचलला का, तुमच्या माहितीवर त्याने स्वतःच्या नावाने पेपर काढला का, एवढं विचारा. छावणी सोडून दुसरीकडे फील्डवर्क करणार असल्याचं आणि विषय बदलणार असल्याचं दोन्हीकडे याच आठवड्यात कळवा. त्यावर कोण काय प्रश्न विचारतं ते पाहिल्यावर तुमचा निम्मा निर्णय झालेला असेल.